साइटवर सध्या एक वाचक आहे

आमच्या वाचनालयाच्या वेबसाइटवर गेल्या कित्येक महिन्यांत काही नवीन दिसलं असेल तर ती एक लाल पट्टी. तीही आम्ही लावलेली नव्हती. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला, पासवर्ड टाकून साइटच्या मागच्या दारानं आत शिरलो, तर माथ्यावर ती होती. 'आपण वापरत असलेली आवृत्ती जुनी झाली आहे. लवकरात लवकर अपग्रेड करावे.' आमच्याकडे 'लवकरात लवकर' हे शब्द फक्त बाहेर जाणाऱ्या पत्रांत असतात. बाहेरून आत आलेले ते पहिल्यांदाच पाहिले, म्हणून मी जरा दचकलो.

मागचं दार म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. तुम्हाला वेबसाइट दिसते ती तिची दर्शनी बाजू. तिच्या पोटात एक सिस्टम असते. तिच्यात शिरायचं, मजकूर लिहायचा, फोटो चिकटवायचा आणि बटण दाबायचं, की तो पुढे झळकतो. हे काम माझ्याकडे कसं आलं ते मात्र विचारू नका. प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी एकदा चारचौघांदेखत ओढून काढला होता. तेव्हापासून ज्याला ज्याला वायर आहे ते सगळं माझ्या गळ्यात आहे.

मी मुख्य ग्रंथपाल मॅडमकडे गेलो. मॅडम शिस्तीच्या आहेत. त्यांनी पट्टी वाचली, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली.

"अपग्रेड करताना साइट बंद ठेवावी लागेल?"

"थोडा वेळ. तासभर धरा."

"आणि त्या वेळी कोणी वाचत असेल तर?"

मी हसलो. तेच चुकलं. मॅडमच्या मते वाचकाच्या हातातलं पुस्तक काढून घेणं आणि वाचकापुढची साइट बंद करणं यात फरक नाही. त्यांनी तिथल्या तिथे नियम केला. साइटवर एकही वाचक नसेल तेव्हाच अपग्रेड करायचं.

"आणि एकही वाचक नसेल," मागून हिशेबनीस म्हणाले, "तर साइट हवीच कशाला, असं मुख्य कार्यालय विचारेल."

हिशेबनीस स्वभावानं वाईट नाहीत. त्यांना फक्त दुसऱ्याचा जीव टांगणीला लागलेला बघवतो.

मुख्य कार्यालयाचा विषय निघालाच, तर त्यांचंही पत्र आलं होतं. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या सगळ्या साइट बंद करण्यात येतील. आमची बंद झाली, तर माझ्या टेबलाचं कारणच संपतं. मग माझी रवानगी तळघरात. तिथे जुनी पुस्तकं आहेत, त्यांना लेबलं चिकटवायची आहेत, आणि खिडकी नाही. माझ्या टेबलाला खिडकी आहे. तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना सोडून काही दिसत नाही, पण आहे. ती मिळवायला माझं निम्मं आयुष्य गेलंय.

तर मी वाचक नसण्याची वाट बघू लागलो. सिस्टमच्या कोपऱ्यात एक ओळ असते: 'साइटवर सध्या एक वाचक आहे.' इतकी वर्षं मी तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. आता दिवसभर तिच्याचकडे बघायचं होतं.

सकाळी बघितलं, एक. चहा पिऊन बघितलं, एक. जेवणाच्या सुट्टीत, जेव्हा सगळं जग जेवत असतं, तेव्हाही एक. संध्याकाळी कुलूप लावायची वेळ आली तरी तो हलला नव्हता. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

"तो तुम्हीच असाल," पत्नी म्हणाली. "तुम्हीच आत शिरता, तुम्हालाच मोजत असेल."

हा संशय मलाही आला होता, म्हणून मेहुण्याला विचारलं. मेहुणा कॉम्प्युटरचं काहीतरी करतो. काय करतो हे आम्हाला कळत नाही, पण कोणतंही काम 'पाच मिनिटांचं' असं म्हणतो. त्यानं बघितलं आणि म्हणाला, "नाही भाऊजी, तुम्हाला नाही मोजत ते. हा बाहेरचा आहे, खराखुरा. तुम्ही सरळ घरून संध्याकाळी करून टाका ना. पाच मिनिटांचं काम."

मी मॅडमना तसं विचारलं. मॅडम म्हणाल्या, कार्यालयाचं काम कार्यालयाच्या वेळेत व्हावं. शिवाय पासवर्ड कार्यालयाबाहेर नेता येणार नाही.

"पण तो मला तोंडपाठ आहे, मॅडम."

"असू दे. तरी नेऊ नका."

आता रोज संध्याकाळी पासवर्ड डोक्यातून काढून टेबलाच्या खणात कसा ठेवायचा, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दमलो होतो.

शेजारपाजाऱ्यांना कसं कळलं देव जाणे. वरच्या मजल्यावरचे काका जिन्यात अडवून म्हणाले, "अपग्रेडच्या भानगडीत पडूच नका. माझा फोन बघा. घेतल्यापासून एकदाही अपडेट केलेला नाही." फोन बघितला. तो बंद होता. "तो आता सुरू होत नाही," काका म्हणाले, "पण त्रासही नाही काही."

इकडे कार्यालयात भलतंच सुरू झालं. त्या एका वाचकाबद्दल सगळ्यांना ममत्व वाटू लागलं. कालपर्यंत साइट कोणी बघत नव्हतं. आता सकाळी येताना मंडळी आधी मला विचारत, "आहेत का?" मी म्हणे, "आहेत." मग निवांत आपापल्या जागेवर जात. त्या वाचकासाठी मला मजकूर ताजा ठेवावा लागला. 'वाचनालय उद्या बंद राहील' ही सूचना खूप दिवस तशीच होती, म्हणजे त्या हिशेबानं आम्ही रोजच उद्या बंद राहणार होतो. ती काढली. मॅडमनी आपलं मनोगत लिहून दिलं. वार्षिक अहवालात 'आमचे नियमित ऑनलाइन वाचक' असं एक वाक्य घातलं. हिशेबनिसांच्या मते हे वाचक म्हणजे मुख्य कार्यालयातले तपासनीस होते. म्हणून हिशेबनीस माझ्या स्क्रीनसमोरून जाताना शर्ट नीट खोचून जात.

पण अपग्रेड काही होईना. शेवटी मॅडमना सुचलं की वाचकालाच विनंती करावी. साइटच्या पहिल्या पानावर तसं निवेदन टाकायचं. त्याच्या मसुद्यासाठी बैठक झाली. मी लिहिलं होतं, 'कृपया थोडा वेळ साइट सोडावी.' हिशेबनीस म्हणाले, हे घर रिकामं करा म्हटल्यासारखं वाटतं. मॅडम म्हणाल्या, 'कृपया'च्या जागी 'नम्र विनंती' घाला. मग कोणीतरी म्हणालं, ते रागावून कायमचे गेले तर? अखेर मजकूर ठरला: 'आमच्या नियमित वाचकांस नम्र विनंती, की आपल्या सोयीनुसार, शक्य झाल्यास, थोडा वेळ अन्यत्र जावे व अवश्य परत यावे.'

मी बटण दाबलं. सगळे माझ्या खुर्चीमागे उभे. ओळ तशीच. 'साइटवर सध्या एक वाचक आहे.' दिवसभर तशीच.

"मुरलेला माणूस आहे," हिशेबनीस आदरानं म्हणाले.

त्याच आठवड्यात माझी दाढ उठली. अर्धी रजा टाकून दंतवैद्याकडे गेलो आणि सुजलेला गाल घेऊन भरदुपारी घरी आलो. पत्नी स्वयंपाकघरात होती. बाबांच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा, म्हणजे माझे वडील, खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होते. समोर मी त्यांना दिलेला जुना कॉम्प्युटर सुरू होता, आणि त्याच्यावर आमच्या साइटचा निळा रंग होता. तो निळा दुसऱ्या कुठल्याच साइटचा नाही. तो मी निवडलेला आहे, आणि त्याबद्दल मला ऐकूनही घ्यावं लागलंय.

काय सांगू, माझी छाती फुगली. बाबांनी जन्मात माझं कौतुक केलेलं नाही. ते नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन होते. केसाएवढ्या बारीक रेषा हातानं ओढायचे, आणि माझं अक्षर बघून नुसतं "हं" म्हणायचे. तेच बाबा दिवसभर माझी साइट वाचत होते! मॅडमचं मनोगतसुद्धा! बधिर गाल धरून मी स्वयंपाकघरात गेलो आणि पत्नीला म्हणालो, "अगं, आमचा वाचक सापडला. आपले बाबा!"

ती हात पुसत आली, दारातून बघितलं आणि म्हणाली, "अहो, पण यात वाचायला काय आहे?"

मी नीट बघितलं. बाबांनी पान मोठं केलं होतं. इतकं मोठं, की मजकूर सगळा पडद्याबाहेर गेला होता. उरला होता फक्त वरचा कोपरा. त्या कोपऱ्यात एक घड्याळ आहे. साइट बनवली तेव्हा कोणीतरी हौसेनं बसवलेलं. ते आता पडदाभर झालं होतं, एकेक आकडा वीतभर.

म्हणजे माझ्या साइटचा एकुलता एक वाचक तिच्यावर वेळ बघत होता. निवेदन नाही, मनोगत नाही, मी निवडलेल्या निळ्याचंही काही नाही. भूल उतरलेली नव्हती म्हणून, नाहीतर मी तिथेच काहीतरी बोललो असतो.

पत्नी मात्र माझ्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिथे आमचं नेहमीचं घड्याळ चालू होतं.

"अहो," ती हळूच म्हणाली, "त्यांना ते दिसत नाहीये."

मग तिला एकेक आठवू लागलं. विजेचं बिल तिला वाचून दाखवायला सांगितलं, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा नाकावरच होता. चहाचा कप आता ते दोन्ही हातांनी चाचपून घेतात. आणि मनगटावरचं घड्याळ कधीच काढून ठेवलं, पट्टा टोचतो म्हणून.

"मग सांगत का नाहीत?" मी म्हणालो.

"कसं सांगतील? रोज संध्याकाळी एकटे खाली जातात. कट्ट्यावर दोस्तांत बसतात. आपल्याला कळलं तर आपण जाऊ देऊ का?"

भूल उतरत चालली होती. दाढ ठणकायला लागली होती, आणि आता आणखीही काहीतरी.

दुसऱ्याच दिवशी मी एक भलंमोठं भिंतीवरचं घड्याळ आणलं, सहज घेतलं असं दाखवत. बाबांनी त्याच्या दिशेनं मान वळवली.

"हे काय आणलंस? घर आहे का बस स्टँड? मला आहे ते दिसतं व्यवस्थित. हे स्वयंपाकघरात लावा."

ते स्वयंपाकघरात लागलं. तेव्हापासून आमच्याकडे एवढ्या मोठ्या वेळेत कुकरच्या शिट्ट्या होतात. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणाले, "तूच जाऊन ये. तुझंच अक्षर तसलं होतं लहानपणी."

आता गंमत बघा. मेहुणा एकदाचा कार्यालयात आला. साइटची एक प्रत काढून तिच्यावर नवी आवृत्ती चढवून बघितली आणि म्हणाला, "सगळं ठणठणीत आहे भाऊजी. फक्त ते घड्याळ नाही चालणार. ज्यानं बनवलं त्यानं पुढे लक्षच दिलं नाही त्याच्याकडे. जाऊ दे, कोण बघतंय ते?"

मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

त्या दिवसापासून मी अपग्रेड लांबवायला लागलो. महिनाअखेर आहे म्हणालो. महिन्याची सुरुवात आहे म्हणालो. बॅकअप घेतोय म्हणालो, मग बॅकअपचा बॅकअप घेतोय म्हणालो. तळघरातल्या लेबलांचं मला काही वाटेनासं झालं होतं. घड्याळ गेलं की काय होणार ते दिसत होतं. एक दिवस बाबा कुणालातरी विचारणार, "किती वाजले?" ज्या माणसाच्या वेळेवर अख्खं घर जेवलं, तो विचारणार. नाहीतर विचारणार नाहीत, अंदाजानं भलत्याच वेळी उतरतील, आणि जिन्यात... पुढचा विचार मी करत नसे.

कार्यालयात हे सांगणंही शक्य नव्हतं. 'आमचे नियमित ऑनलाइन वाचक' हे माझे वडील आहेत, आणि ते साइट वाचत नाहीत, हे मॅडमना कोणत्या तोंडानं सांगू? अहवाल छापूनही झाला होता.

मग मुख्य कार्यालयाचं निर्वाणीचं पत्र आलं. या आठवड्यात अपग्रेड करा, नाहीतर साइट बंद. मॅडमनी मला बोलावलं. "तुम्हाला नक्की काय अडचण आहे?" त्या रागावलेल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं.

"वाचक हलत नाहीत, मॅडम."

"मग त्यांना आणखी एकदा विचारा. आणि कधी करायचं ते तुम्ही ठरवा. मी दमले."

दमलो तर मी होतो. पण 'त्यांना विचारा' हे डोक्यात राहिलं. जवळपास सगळ्या दुनियेला विचारून झालं होतं, अपग्रेड कधी करू म्हणून. वरच्या काकांनासुद्धा. ज्याला विचारायचं त्यालाच तेवढं विचारलं नव्हतं.

संध्याकाळी लवकर घरी आलो. बाबा खाली निघाले होते. मी त्यांच्याबरोबर जिना उतरू लागलो. त्यांचा हात कठड्यावरून सरकत होता, आणि पाय प्रत्येक पायरीला आधी विचारून मग टेकत होता. हे मी इतके दिवस बघितलं कसं नाही!

"बाबा, एक विचारायचं होतं."

"विचार. पण चालता चालता विचार."

"आमच्या साइटचं अपग्रेड आहे. ती तासभर बंद राहील. आणि परत सुरू झाली की तिच्यावर घड्याळ नसेल."

बाबा जागच्या जागी थांबले.

"मग मला कशाला सांगतोस?"

"तुम्ही वाचक आहात. वाचकाला अडचण होईल असं काही करायचं नाही, असा आमच्या मॅडमचा नियम आहे."

"किती वाचक आहेत तुमचे?"

"एक."

खाली कुणीतरी सायकल आत घेत होतं. ती लावून होईपर्यंत बाबा तिकडे कान देऊन उभे राहिले.

"सूनबाईला माहीत आहे?"

"तिलाच आधी कळलं."

"तरीच ते परातीएवढं घड्याळ." मग ते कठड्याला टेकले. "दिसत नाही रे मला. माणूस आलाय एवढं कळतं, चेहरा दिसत नाही. कट्ट्यावर मी आवाजावरून ओळखतो सगळ्यांना. न बोलता कोणी येऊन बसलं की पंचाईत होते. कागदावर रेघ ओढून बघितली परवा. ओढली, आणि मलाच ती दिसली नाही."

मला रडू येत होतं. जिन्यात उजेड कमी होता, त्यामुळे ते फारसं कळलं नसावं. तसंही त्यांना दिसलं नसतंच.

"आधी सांगितलं असतं," ते म्हणाले, "तर तुम्ही माझं खाली जाणं बंद केलं असतंत."

नाही म्हणणार होतो. जीभ वळली नाही. "केलं असतं," मी म्हणालो.

"बघ."

"आता नाही करणार. शब्द देतो. पण डॉक्टरांकडे यायचं."

"आणि ते म्हणाले की हे असंच राहणार, तर?"

"तरी खाली जायचं. मी जिन्यापर्यंत येईन, कट्ट्यावर नाही येणार."

ते चाचपत आणखी एक पायरी उतरले. मग विचारलं, "तुझं ते अपग्रेड कधी आहे?"

"तुम्ही सांगाल तेव्हा."

"मग त्याच वेळी जाऊ डॉक्टरांकडे. घड्याळ नसताना घरात बसून करू काय?"

असा आमचा मुहूर्त ठरला. मी रजा टाकली. पासवर्ड मेहुण्याला मॅडमच्या देखरेखीखाली देण्यात आला. सकाळी घरातून निघताना बाबांनी स्वतःच्या हातानं कॉम्प्युटर बंद केला. लगेच कार्यालयातून हिशेबनिसांचा फोन आला, घाबऱ्याघुबऱ्या आवाजात. "अहो, शून्य झालं! ते गेले!"

"हो," मी म्हणालो. "करा सुरू."

दवाखान्यात तपासणीच्या खोलीत समोर अक्षरांचा तक्ता. बाबा ताठ बसले. वरचं मोठं अक्षर त्यांनी शाळा तपासायला आल्यासारखं खणखणीत वाचलं. दुसऱ्या ओळीवर आवाज जरा खाली आला. तिसरी ओळ आली तेव्हा डॉक्टरीण बाई आमच्याकडे पाठ करून काहीतरी लिहीत होत्या. बाबा माझ्याकडे झुकले आणि कुजबुजले, "काय आहे रे तिथे? सांग पटकन."

सगळ्या आयुष्यात बाबांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिली मदत. मी मान पुढे काढली, डोळे बारीक केले, चष्मा पुढे केला, मागे केला.

"बाबा, मलाही दिसत नाहीये."

"म्हणजे?"

"म्हणजे तिथे काहीतरी काळं आहे. अक्षर आहे की माशी, ते सांगता येत नाही."

बाबा हसायला लागले. मोठ्यानं, खांदे हलवत. डॉक्टरीण बाईंनी वळून आम्हा दोघांकडे असं बघितलं, की मला शाळेतल्या परीक्षेची आठवण झाली. त्या नर्सला म्हणाल्या, "यांचेही डोळे तपासा. आत काय आहे ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही. दोघांना थेंब घाला आणि बाहेर डोळे मिटून बसवा."

थेंब घातले. बाहेरच्या बाकावर आम्ही शेजारी शेजारी बसलो, दोघंही डोळे पुसत. समोरची माणसं विरघळल्यासारखी दिसत होती. आणि खिशातला फोन वाजला. मी तो बाहेर काढला, डोळ्यांपुढे धरला, लांब धरला. नुसता उजेड.

"कोणाचा आहे?" बाबांनी विचारलं.

"दिसत नाही. कार्यालयाचा असेल. एकतर साइट सुरू झाली असेल, नाहीतर कायमची गेली असेल."

"डॉक्टरांनी डोळे मिटून बसायला सांगितलंय ना?"

"सांगितलंय."

"मग बस की. वाजू दे त्याला."

मी डोळे मिटले. फोन बराच वेळ वाजत राहिला, आणि मी काहीही केलं नाही.